नाल्याकाठचं माळवं

पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत मोरीचं पाणी वाया जात नसे. न्हाणीतून परसात पडणाऱ्या पन्हळीच्या तोंडाशी अळूचे गड्डे लावलेले असत, पुढे दोन-चार केळी असत, आणि पाणी मुरून संपे तिथे कर्दळ. ही लागवड सोयीची होती, तशीच शहाणपणाचीही. अळू शिजवल्याशिवाय खाता येत नाही, कच्चं खाल्लं तर घसा खाजतो. केळीचा घड जमिनीपासून उंच लटकतो आणि त्याचं फळ सालीच्या आत सुरक्षित असतं. कर्दळ कोणी खात नाही. अंगणातल्या तुळशीला मात्र मोरीचं पाणी कोणी घातलं नाही. कोणतं पाणी कोणत्या झाडाला द्यायचं याची निवड घरातली बाई रोज करत होती आणि तिच्या निवडीला शेकडो वर्षांच्या अनुभवाचा आधार होता.

कोल्हापूर शहराने हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. एका मोरीच्या जागी सबंध शहराचं सांडपाणी आलं आणि परसाच्या जागी पंचगंगेच्या काठचं शिवार. या विस्तारात एकच गोष्ट हरवली, ती म्हणजे पाणी आणि पीक यांची जोडी लावून देणारा माणूस.

आजच्या कोल्हापूरच्या पेठा आणि पार्क जिथे आहेत, तिथे एकेकाळी मळे होते. रमणमळा हे नाव अजून पत्त्यात लिहिलं जातं. कपिलतीर्थ मंडई तर बुजवलेल्या तळ्याच्या जागेवर उभी आहे. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, तशीच कपिलतीर्थाची मंडई झाली. ज्या शहराने आपली तळी बुजवून त्यावर भाजीबाजार बसवला, त्याचा पाण्याशी आणि माळव्याशी असलेला संबंध नीट पाहावा असाच आहे. माळवं म्हणजे भाजीपाला. कोल्हापूर-सांगलीकडे आजही आठवडी बाजाराला निघालेली बाई माळवं आणायला निघते. मेथी, पोकळा, शेपू, चाकवत, कांद्याची पात, वांगी, दोडका, गवारी हे सगळं माळवं शहराच्या कडेच्या गावांतून पाट्यांत भरून येत आलं आहे.

शहराच्या मधून वाहणारी जयंती आणि तिला मिळणारी गोमती यांना करवीरच्या माहात्म्यपरंपरेत नद्यांचा मान आहे. आज जयंतीला सगळे नाला म्हणतात. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी फुगून मागे सरकलं की सुतारवाड्यात आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत ते याच वाटेने शिरतं, तेव्हा ती नदी असल्याची आठवण होते. एरवी ती शहराची मोरी आहे. दुधाळी नाल्याची गोष्टही वेगळी नाही.

हे काही एका दिवसात झालं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंब्याच्या तलावाचं पाणी शहरात खेळवलं गेलं. पुढे बालिंग्याला भोगावतीचं पाणी उचलून आणलं, नंतर शिंगणापूर योजना झाली, आणि 2023 मध्ये काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनचं पाणी आलं. प्रत्येक योजनेचं शहराने वाजतगाजत स्वागत केलं. पण पाणीपुरवठ्याचे अभियंते एक साधा हिशोब धरून चालतात. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे शहरात येणाऱ्या प्रत्येक नव्या नळामागे बाहेर जाणारी एक नवी मोरी असते. येणाऱ्या पाण्याची मिरवणूक निघाली, जाणाऱ्या पाण्याची जबाबदारी कितीतरी उशिरा घेतली गेली.

नळ घरोघर पोहोचण्याआधीची व्यवस्था कोरडी होती. कोल्हापूरला नगरपालिका आली 1854 मध्ये. त्या काळातल्या इतर गावांप्रमाणेच इथेही मैला टोपल्यांतून गावाबाहेर जाई आणि तो कुजवून सोनखत होई. शेतकऱ्याला या खताचं वावडं आहे असं सुरुवातीला अनेक साहेबांना वाटत होतं. 1889 ते 1891 या काळात भारतभर फिरलेले रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर यांनी आपल्या 1893 च्या अहवालात पुण्याचं उदाहरण दिलं आहे. तिथे राख मिसळलेलं हे खत उसासाठी शेतकरी पैसे मोजून नेऊ लागले होते. पिकाला जोर येताना दिसला की संकोच फार दिवस टिकत नाही.

संकोच टिकला तो माणसाबद्दल. खत शेतात चाललं, पण ते डोक्यावरून वाहणारा माणूस गावाबाहेरच राहिला. सांडपाण्याच्या शेतीचा इतिहास सांगताना हा भाग सोडून देता येत नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या हलाखीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. त्याच सुमारास, मार्च 1949 मध्ये, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. घाटाखाली कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन स्वतःच्या हातांनी मैल्याचं खत करत होते. खत तर हवं, पण त्यासाठी कोणा एका जातीच्या माथ्यावर टोपली नको, हा त्यांच्या संडासाच्या सगळ्या प्रयोगांमागचा आग्रह होता. पाण्याचा संडास आणि गटार आल्यावर टोपली हळूहळू गेली. ही मोठीच सुटका होती. पण त्याबरोबर कोरडं सोनखतही गेलं आणि तेच सत्त्व आता पाण्यात विरघळून नाल्याने वाहू लागलं.

ते पाणी शेतावर न्यायची कल्पना त्याच्या कितीतरी आधीपासून जगभर चर्चेत होती. पॅरिसजवळच्या जेनव्हिलिएमध्ये 1870 च्या आसपासपासून शहराच्या गटाराच्या पाण्यावर भाजीमळे पिकत होते. बर्लिनने त्यासाठी शहराबाहेर विस्तीर्ण जमिनी घेतल्या होत्या. आपल्याकडे मुंबईत माटुंग्याला, म्हणजे आजच्या वडाळ्याला, 1890 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभा राहिला. तो उभारण्यात पुढाकार होता महापालिका आयुक्त हॅरी अॅक्वर्थ यांचा. त्या आश्रमात सांडपाण्यावर शेती झाली आणि 1897 मध्ये मैल्याच्या टाकीतला वायू वापरायला सुरुवात झाली. पुण्यात 1928 च्या सुमारास पेठांमधली भुयारी गटारं पुरी झाली आणि त्यांचं पाणी भैरोबा नाल्याच्या पंपिंग स्टेशनमार्गे मांजरीकडच्या शेतांना मिळू लागलं. जोतीराव फुल्यांनी शेती केली ती हीच मांजरी. पुण्याच्या पूर्वेकडचा ऊस आणि भाजी पुढे कित्येक वर्षं या पाण्यावर पोसली गेली.

कोल्हापूरला वेगळी वाट मिळाली ती नदीमुळे. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि श्रद्धेतली गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि सुमारे 80 किलोमीटर वाहून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. शाहू महाराजांनी 1909 च्या सुमारास राधानगरी धरणाचं काम सुरू केलं आणि या खोऱ्याला बारमाही पाण्याचं स्वप्न दिलं. धरणाचं पाणी कालव्याने न नेता नदीतूनच सोडायचं आणि ठिकठिकाणी अडवायचं, यासाठी बंधाऱ्याची जी रचना इथे रुजली, ती आज राज्यभर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून ओळखली जाते. दगडी खांब बांधायचे, पावसाळा संपला की त्यांच्यामध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, टाकून पाणी साठवायचं आणि पुढच्या पावसाआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. साधी, स्वस्त आणि शेतकऱ्याला कळणारी अशी ही रचना आहे. साठलेल्या पाण्यावर मोटर बसवून सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी माळापर्यंत पाणी चढवलं. कोल्हापूर जिल्ह्याची समृद्धी या बंधाऱ्यांनी आणि उपसा योजनांनी घडवली आहे.

याच रचनेने सांडपाण्याचं गणित मात्र बदलून टाकलं.

नाल्याच्या कडेचा शेतकरी आधीही नाल्याला इंजिन लावून पाणी उचलत होता. कसबा बावड्याच्या बाजूला उसाला हे पाणी मिळत होतं. बावडा म्हणजे शाहू महाराजांचं जन्मगाव आणि राजाराम साखर कारखान्याचंही गाव. तिथल्या शिवारात ऊस नसेल तरच नवल. आणि उसाला सांडपाणी देणं ही वाईट जोडी नव्हती. ऊस पाणी आणि नत्र दोन्ही मनसोक्त पितो, आणि त्याचा रस कारखान्यात वा गुऱ्हाळात उकळल्यावरच त्याची साखर किंवा गूळ होतो. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम नत्र असतं. त्या हिशोबाने दहा लाख लिटर पाण्यातून 40 किलोच्या आसपास नत्र जमिनीला मिळतं, म्हणजे जवळपास दोन पोती युरिया. शेतकऱ्याला हा हिशोब कोणी शिकवला नाही. नाल्याच्या पाण्यावरचा ऊस काळाभोर होतो हे तो बांधावरून पाहत होता.

पण नाल्याचं उरलेलं सगळं पाणी नदीत गेलं आणि बंधाऱ्यांनी ते अडवून धरलं. राजाराम बंधाऱ्यावर शहराचे लोक पुराची पातळी पाहायला जमतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका हे आकडे कोल्हापुरात लहान मुलालाही माहीत असतात. उन्हाळ्यात त्याच नदीत पाण्याला ओढ नसते. बरगे घातलेले असतात आणि शहराचं सांडपाणी, कारखान्यांची मळी, इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचं पाणी असं सगळं एका बंधाऱ्यातून दुसऱ्या बंधाऱ्यात उतरत जातं. पाण्यावर केंदाळ पसरतं. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या आहेत. आणि या सगळ्या पाण्यावर मोटारी चालू असतात.

शिरोळ म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या गाळाची जमीन. कृष्णाकाठच्या वांग्यांचं कौतुक साऱ्या महाराष्ट्राने केलं. या तालुक्यातला भाजीपाला कोल्हापूर-सांगलीलाच नव्हे, मुंबई आणि गोव्यालाही जातो. नाल्याला थेट इंजिन लावणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय उचलतोय ते माहीत होतं. नदीतून उचलणाऱ्याला आपण नदीचं पाणी देतोय असं वाटतं, आणि त्यात त्याचा काय दोष? वर कोणी काय सोडलं हे त्याला दिसत नाही. ऊस, भुईमूग, कोथिंबीर, मेथी, सगळ्यांना एकच पाणी मिळतं. परसातल्या बाईने केलेली निवड इथे संपली.

ही निवड महत्त्वाची का आहे, हे जग मोठी किंमत देऊन शिकलं आहे. 1970 मध्ये जेरुसलेममध्ये कॉलऱ्याची साथ आली, तिचं मूळ सांडपाण्यावर पिकवलेल्या आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांत सापडलं. त्या भाज्या बाजारातून हटवल्यावर साथ ओसरली. चिलीची राजधानी सांतियागो वर्षानुवर्षं विषमज्वराने त्रस्त होती. 1991 मध्ये दक्षिण अमेरिकेत कॉलरा पसरला, तेव्हा सरकारने घाबरून सांडपाण्यावरच्या सॅलडच्या भाज्यांवर बंदी घातली. कॉलरा तर रोखला गेलाच, विषमज्वराचे रुग्णही झपाट्याने कमी झाले. आपल्याकडे नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात सांडपाण्याच्या शेतांवर राबणाऱ्या मजुरांची तपासणी केली. साध्या शेतांवरच्या मजुरांपेक्षा त्यांच्यात अंकुशकृमी आणि जंत कितीतरी जास्त आढळले. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. म्हणजे भाजी कोणी खाण्याआधीच तिचा पहिला आजार ती खुरपणाऱ्या बाईला होतो. मंडईत मेथीची जुडी निवडताना ही बाई कोणाला आठवत नाही.

कोल्हापूरच्या ताटात तर कच्चं बरंच असतं. मिसळीवर बचकभर कांदा आणि कोथिंबीर पडते. भाकरी-झुणक्याबरोबर कांद्याची पात, मुळा, कोवळी मेथी तशीच खाल्ली जाते. ही चव कोणी सोडावी असं सांगण्यात अर्थ नाही. पण पालेभाजी जमिनीलगत वाढते, पाटाचं पाणी तिच्या पानाला लागतं, आणि जड धातू पाण्यात असतील तर तेही पालेभाजी इतर पिकांपेक्षा जास्त शोषते. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती आणि हुपरीचा चांदीकाम व्यवसाय ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे हा प्रश्न केवळ जंतूंपुरता राहत नाही.

इशारा 2012 मध्ये मिळाला. त्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो माणसं आजारी पडली, काही दगावली. दूषित पाण्यातून पसरणारी ती कावीळ होती. त्याच सुमारास पंचगंगेचं प्रदूषण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेलं, नीरीला पाहणीचं काम मिळालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या कामाला वेग आला. 2014 मध्ये कसबा बावड्याला दिवसाला 76 दशलक्ष लिटर क्षमतेचं प्रक्रिया केंद्र सुरू झालं. जयंतीचं पाणी पंपाने उचलून तिथे जातं. पुढे दुधाळीला 17 दशलक्ष लिटरचं केंद्र आलं. राज्यात पाणी प्रदूषणाविरुद्धचा पहिला कायदा 1969 चा. केंद्राचा कायदा 1974 चा. कोल्हापूरच्या सांडपाण्यावर पुरेशा क्षमतेची प्रक्रिया व्हायला त्यानंतर 40 वर्षं गेली, हे कोल्हापूरकरांनी विसरू नये.

केंद्र झालं म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. पंप बंद पडला, वीज गेली किंवा पावसाने नाला फुगला की पाणी थेट नदीत जातं. आणि प्रक्रियेचाही एक तपशील लक्षात घ्यायला हवा. सेंद्रिय घाण कमी झाली की पाणी नितळ दिसतं आणि नदीतल्या माशाला प्राणवायू मिळतो, पण कोथिंबिरीच्या वाफ्यासाठी तेवढं पुरत नाही. त्यासाठी जंतू मारावे लागतात आणि जंतांची अंडी खाली बसू द्यावी लागतात. एकापुढे एक अशा तळ्यांत पाणी दहा-पंधरा दिवस ठेवलं तर ही अंडी बरीचशी तळाशी बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्येच यासाठी मोजमाप दिलं होतं. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना द्यायच्या पाण्यात लिटरमागे सरासरी एकापेक्षा जास्त अंडं नसावं. नितळ दिसणारं पाणी आणि मेथीला द्यावं असं पाणी यांत एवढं अंतर आहे.

शेजारी सांगलीने शेरी नाल्याचं पाणी कृष्णेत न सोडता उचलून धुळगावला न्यायचं, तिथल्या तळ्यांत शुद्ध करायचं आणि कोरडवाहू शेतकऱ्यांना द्यायचं ठरवलं. कागदावर यापेक्षा चांगली योजना सापडणार नाही. नदी वाचते, दुष्काळी शेत भिजतं. प्रत्यक्षात ती वर्षानुवर्षं अडखळत राहिली, कारण पाणी चढवायला वीज लागते आणि विजेचं बिल महिन्याच्या महिन्याला येतं. पुण्याने मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं पाणी बेबी कालव्यात सोडलं, वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी देण्याचा करार झाला. पण कालव्यात येणारं पाणी नीट शुद्ध केलेलं नसतं अशी हवेली-दौंडच्या शेतकऱ्यांची तक्रार राहिली. दोन्हीकडे पंप आणि पाइप आले, पण रोज पाणी तपासून शेतकऱ्याला आज ते कसं आहे हे सांगणारी यंत्रणा उभी राहिली नाही.

नाल्याकाठी माळवं पिकवणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं फार सोपं आहे. अधूनमधून कारवाई होते, मोटारी जप्त होतात, उभं पीक उपटलं जातं, फोटो छापून येतात. तो शेतकरी बहुधा अर्धा-एक एकराचा असतो, कधी वाट्याने जमीन कसणारा. भर उन्हाळ्यात विहीर आटलेली असताना नाला वाहत असतो, आणि त्याच दिवसांत पालेभाजीला भाव असतो. त्याने घाण तयार केलेली नाही. ती शहराने तयार केली आणि त्याच्या बांधावरून सोडून दिली. त्याच्या हातात बाकी काही नसताना त्याने तिचं अन्न केलं. त्याला शिक्षा करण्याआधी त्याला दुसरं पाणी किंवा दुसरं पीक देणं हे शहराचं कर्तव्य आहे.

हे जमण्यासारखं आहे. बावडा आणि दुधाळीचं प्रक्रिया केलेलं पाणी नदीत सोडण्याऐवजी वेगळ्या वाटेने ऊस, वैरण आणि रोपवाटिकांना देता येईल, आणि तेवढं राधानगरीचं स्वच्छ पाणी नदीत शिल्लक राहील. नाल्याकाठच्या पालेभाजीवाल्याला उंच वाढणाऱ्या, शिजवून खायच्या किंवा फुलांच्या पिकाकडे वळायला पहिल्या दोन हंगामांत पैशाची हमी देता येईल. शेतात उतरणाऱ्या बायकांना गमबूट आणि वर्षातून दोनदा जंताचं औषध देणं तर एखाद्या ग्रामपंचायतीलाही परवडेल. कोल्हापूर महापालिकेने दोन्ही केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी दर आठवड्याला करून तिचे आकडे कपिलतीर्थ आणि लक्ष्मीपुरीच्या मंडईत, माळवं घेणाऱ्या आणि विकणाऱ्या दोघांना वाचता येतील असे, मराठीत फळ्यावर लावावेत. पुराची पातळी फुटा-इंचात पाठ असलेल्या या शहराने नदीच्या पाण्याचे हे आकडेही तितक्याच हक्काने मागावेत.